झिऱ्यावरचे सहा एकर

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ती. आवडाआत्यास,
अंबिकाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा दुखतो, बाकी काही नाही. तू आणि मंजुषाताई बऱ्या असाल असं धरते. मी सोमनाथची मुलगी; वडिलांना आम्ही दादा म्हणतो. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तुला ‘तू’ म्हणत होते, म्हणून आताही तेच लिहिते. खटकलं तर सांग.

फोन करता आला असता. पण फोनवर तू आधी रडशील आणि मी आकडे सांगत बसेन, असं वाटलं. म्हणून काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. जटवाड्याच्या पुढे आपल्या जमिनीच्या वरच्या अंगाचा डोंगर गेल्या वर्षी एका बिल्डरने घेतला. तिथं बंगल्यांची टाउनशिप होणार आहे.

२. मार्चपासून डोंगर कापून रस्ता काढला. निघालेला मुरूम ओढ्यात लोटला.

३. सप्टेंबरच्या मोठ्या पावसात तो सगळा खाली आला. ओढ्याकाठच्या कडूबाईची विहीर गाळाने अर्धी भरली. आमच्या कॉलनीच्या बोअरना गढूळ पाणी आलं.

४. पायथ्याच्या कॉलन्यांनी मिळून समिती केली. मी पाणलोटाची कामं करणारी इंजिनिअर, म्हणून मोजमापं माझ्याकडे आली.

५. बिल्डरला आता आपला आंब्याचा सहा एकरांचा तुकडा हवा आहे. दादांनी तो द्यायचं कबूल केलं आहे.

६. सातबाऱ्यावर दादांच्या नावाखाली तुझं नाव आहे. तुझ्या सहीशिवाय त्या सहा एकरांचा व्यवहार होत नाही.

सातवाही मुद्दा आहे. तो पुढे लिहीन.

पाण्याचं थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्या डोंगरात वर मुरमाचा थर आहे, खाली काळा पाषाण. पाऊस मुरमात मुरतो, पाषाणावर अडतो आणि उताराने हळूहळू सरकत कुठंतरी झिरा होऊन बाहेर येतो. आंब्याखालचा झिरा तो हाच. मुरूम काढून टाकला की तेच पाणी पावसाबरोबरच वाहून जातं आणि मागे काही राहत नाही. आपले सहा एकर म्हणजे या थराचा सगळ्यात जाड भाग. खालच्या विहिरींना आणि आमच्या बोअरना उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरतं ते त्याच्यामुळे.

विहिरीतल्या पाण्याचा नमुना घ्यायला गेले तेव्हा कडूबाई म्हणाली, “बाटलीत भरून कशाला नेती माय? दूध-साखर टाक, पातेलंभर चहा व्हतोय.” मी तिला सांगितलं की अहवालासाठी नमुना लागतो. ती म्हणाली, “ने मग. पर अहवाल आला की त्याच्यात दोर सोडू का?” मी बाटली भरून घेतली. ती तुझी चौकशी करत होती. “आवडी हाय का गं बरी?” मी ‘हो’ म्हणाले. मला माहीत नव्हतं.

आमच्या समितीचे अध्यक्ष अनंतराव, तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले. कागदाला पक्के आहेत. गेल्या महिन्यात गणपती मंदिराच्या सभामंडपात बैठक होती. मी नकाशे लावत होते तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “बाप विकतो, लेक अडवते. घरातच ठरलेलं दिसतंय.” दुसरा म्हणाला, “भाव वाढवून मागत असतील.” मी मागे वळून पाहिलं नाही. नकाशा संपवून खाली बसले, तेव्हा अनंतरावांनी उतारा वाचला आणि तुझ्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

“अंबिका, तुमच्या आत्याबाईंची सही तेवढी थांबवा. आपण त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू.”

मी म्हणाले, “आत्या एकवीस वर्षांत आमच्या घरी आलेल्या नाहीत.”

“मग तर उत्तमच. रागावलेल्याच असतील.”

सगळे हसले. तुझ्या रागावर आपलं पाणी टिकून आहे हा हिशेब त्या वेळी मलाही पटला. हे तुला माहीत असावं.

त्या रागामागचं मला आईकडून कळलं आहे. आजोबा गेल्यावर वारसांची नावं लागली, आणि बहिणी जशा हक्क सोडून देतात तसं तूही सोडून द्यावंस असं सगळ्यांनी धरलं होतं. तू म्हणालीस, “मला जमीन नको, पीक नको. नाव तेवढं राहू द्या.” दादांना तो विश्वासघात वाटला. माहेरात आपलं काहीतरी लिहिलेलं असावं, एवढंच तुझं म्हणणं होतं; ते त्यांना समजलं नाही, की समजूनही त्यांनी मानलं नाही, मला सांगता येत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.

बैठकीनंतर मंजुषाताई क्रांती चौकात भेटली. तिनेच मला ओळखलं. “तू सोमामामाची ना? नाक तेच हाय.” तिच्या पिशवीत गुलमंडीतून घेतलेलं चांदीचं निरांजन होतं. दादांचा तुला फोन आल्याचं मला तिच्याकडून कळलं: भाऊबीजेला ये, गाडी पाठवतो, दोन दिवस राहा. तू तेव्हापासून घर झाडते आहेस, असं सांगून ताई म्हणाली, “जायचंय मामाकडं आणि झाडती इथलं.” आणखी एक सांगितलं. भाऊ असून नसल्यासारखा, म्हणून तू दर भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळतेस. ताई हसत म्हणाली, “यंदा मी चंद्राला सांगितलंय, बाबा, तू सुट्टी घे.”

मीही हसले. दादांकडे गाडी नाही; ती कोणाची असणार ते मला कळलं, पण मी तिला सांगितलं नाही.

तर सातवा मुद्दा.

७. भाऊबीज गुरुवारी, २३ तारखेला आहे. शुक्रवारी सकाळी नोंदणी कार्यालयातली वेळ घेतलेली आहे. घरी आलेले कागद मी पाहिले, त्यांवर तुझं नाव आधीच छापून तयार आहे. तुला आणायला वैजापूरला येणारी गाडी बिल्डरची आहे. दोन दिवस राहा, हे त्याच्यासाठी आहे.

हे वाचून तू पत्र बाजूला ठेवलं असशील तर नंतर पुढचं वाच. पुढचंही खरं आहे आणि ते मला सोयीचं नाही.

हे कळल्यावर मी दादांशी भांडले. भांडण म्हणजे मी बोलले आणि ते जेवत राहिले. शेवटी म्हणाले, “लेकीला शिकवलं नाला मोजायला, आता ती बापालाच मोजतीय.” मग म्हणाले, “आवडीला बोलावलं तर काय वाईट केलं? बहीण हाय माझी.”

आई चुलीपाशी नव्हे, ओट्यापाशी उभी असते आता, पण आवाज तसाच आहे. म्हणाली, “इतकी वर्षं नव्हती का?”

ते ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि आईलाच विचारलं, “तिला मोरपंखी रंग आवडायचा ना? का आता त्या वयात फिक्कं घ्यावं?”

मग कोणी विचारलेलं नसताना सांगायला लागले. तू मे महिन्यात झिऱ्यावरून हंडा आणायचीस, ते तुझ्या मागून चालायचे आणि हंड्यात खडे टाकायचे. तू हंडा खाली न ठेवता, मागे न बघता बरोबर त्यांच्या डोक्यात टपली मारायचीस. “तिला मागं डोळे होते,” म्हणाले. ही गोष्ट मी सत्तावीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. साडी त्यांनी स्वतः जाऊन आणली आहे. मोरपंखीच आहे.

त्यांना तू हवी आहेस की तुझी सही, हे मला शोधून काढायचं होतं. मला जमलं नाही. बहुधा त्यांनाही वेगळं करून सांगता येणार नाही. सही नको असती तर फोन गेला नसता, हे नक्की. पण एका संध्याकाळी कोणाला तरी फोन करून ते बराच वेळ अंगणात उभे होते, हेही मी पाहिलं होतं; तो फोन तुला होता हे ताई भेटल्यावर कळलं.

आता आठवा मुद्दा. हा मी समितीला अजून सांगितलेला नाही.

परवा झिऱ्यावर गेले होते. यंदा एवढा पाऊस झाला, शेतं वाहून गेली, आणि आंब्याखाली ओलसुद्धा नाही. दादा म्हणतात, दुष्काळातही तो पौषापर्यंत चालायचा. वरचा डोंगर कापला तेव्हाच त्याचं पाणी तुटलं. मी कोणत्याही बाजूने आकडे मांडले तरी झिरा परत येत नाही.

तू सही केली नाहीस तर आपल्या सहा एकरांत जेवढा पाऊस मुरतो तेवढा मुरत राहील. त्याने कडूबाईच्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी राहील. केलीस तर डिसेंबरपर्यंत. फरक एवढाच आहे. तोही कायमचा नाही. दादा वाटणीसाठी कोर्टात गेले तर तुझ्या नकाराला दोन-तीन वर्षांपलीकडे आयुष्य नाही, असं वकील म्हणाले. आणि नकार दिलास तर पुढच्या वर्षी फोन येणार नाही. हे मला वकिलांना विचारावं लागलं नाही.

कॉलनीला मी हे सांगायला हवं. सांगितलं की समिती मोडेल, लोक टँकर लावतील आणि शांत बसतील. काहींनी टँकरवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवला आहे. अनंतराव मात्र अजून रोज सकाळी सातबारा वाचतात, जणू त्यात रात्रीतून काही बदललं असेल.

तुला लिहायला बसले तेव्हा मला एकच वाक्य लिहायचं होतं: सही करू नकोस. ते अजूनही माझं म्हणणं आहे. दोन महिन्यांचं पाणी हे पाणी असतं, ज्याच्या विहिरीत असतं त्याला. पण ते मिळवण्यासाठी तुझी भाऊबीज जाणार, आणि मी त्यातलं काहीच भरून देऊ शकत नाही. शिवाय दादांनी एकवीस वर्षांनी फोन केला तो तुझ्या सहीसाठी, आणि मीही एकवीस वर्षांनी पत्र लिहिते आहे ते तुझ्या सहीसाठीच. त्यांना ती हवी, मला नको, एवढंच अंतर आहे आमच्यात. वैजापूरला मी कामासाठी चार वेळा येऊन गेले. तुझं घर बाजार समितीच्या मागच्या गल्लीत आहे, हे मला माहीत होतं.

एक गोष्ट विचारायची आहे. आजोबा गेले त्याच्या पुढच्या दिवाळीला तू न बोलावता ताट घेऊन आली होतीस. दादा शेतावर निघून गेले. तू दिवे लागेपर्यंत पायरीवर बसलीस आणि जाताना मला ओवाळलंस. माझ्या हातात अर्धा लाडू होता, तो मी ओवाळणी म्हणून तुझ्या ताटात टाकला. असं घडलं का, की आईने सांगितलं म्हणून मला आठवल्यासारखं वाटतं? तुझ्याशिवाय हे कोणाला विचारता येत नाही.

समितीची हरकत दिवाळीच्या सुट्ट्यांआधी दाखल करायची आहे. जमीन द्यायला नकार असलेली वाटेकरी म्हणून त्यात तुझं नाव घातलेलं आहे; ते ठेवायचं की काढायचं, हे मला ठरवून द्यावं लागेल. म्हणून शुक्रवार, १७ तारखेपर्यंत, म्हणजे वसुबारसेपर्यंत, मला कळव. पाकिटावर माझा नंबर लिहिला आहे. सही करणार का, हो किंवा नाही, एवढं पुरे. कारण सांगू नकोस.

आणि उत्तर काहीही असलं तरी त्या गाडीत बसू नकोस. भाऊबीजेला यायचं असेल तर तुला आणायला मी येईन. सहीला जाणार असशील तरीही.

तुझ्या भावाची मुलगी,
अंबिका