तुझ्या गेममध्ये पूल आहे

महानगर, लखनौ
१२ नोव्हेंबर १९९५

चि. अमोघ,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आजोबांचा उजवा हात अजून उचलत नाही, पण डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. डॉक्टरांना म्हणायला काय जातं. बाबा झाशीच्या दौऱ्यावर आहेत. थंडी सुरू झाली. पुण्यात लागणार नाही म्हणून तू ठेवून गेलेला निळा स्वेटर मी उगीचच धुतला आणि परत कपाटात ठेवला.

नेहमीचं लिहून झालं. आता बातमी ऐक, आणि हसायचं असेल तर मामीसमोर हसू नकोस. मी तुझा व्हिडिओ गेम खेळायला लागले आहे.

कारण सांगते. रविवारी त्या पीसीओच्या काचेच्या खोक्यात उभी राहून मी विचारते, जेवलास का? तू म्हणतोस, हो. अभ्यास? चालू आहे. मामा-मामी? बरे आहेत. मग तूही गप्प, मीही गप्प, मीटरचे लाल आकडे मात्र पळत असतात आणि बाहेर रांगेतले गुप्ताजी घसा खाकरत असतात. दिवाळीनंतरच्या रविवारी पहिल्यांदा तू आपणहून काही बोललास. श्रीरंगमामाने दिवाळीला नवं मोठं मशीन घेऊन दिलं, आणि त्यात तोच कंदीलवाला पोरगा आहे जो आपल्या जुन्या कॅसेटमध्ये होता, हे तू एका दमात सांगितलंस. तुझा आवाज अगदी इथे होतास तेव्हाचा झाला. मी घरी आले आणि माळ्यावरून तुझं गेमचं जुनं खोकं खाली काढलं.

टीव्हीच्या मागे वायर कुठे खुपसायची हे कळायलाच एक दुपार गेली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या नुसरत आपा मदतीला आल्या. मला वाटलं, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, त्यांना यातलं काय कळणार. तर त्यांनी पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "अरे शुभदा, यह तो हमारा ही लड़का है. तुम्हारे यहाँ आके रंगीन हो गया." त्यांच्या मुलाने जेद्दाहून त्यांना हातात मावेल एवढा गेम आणून दिला आहे, अम्मीचा वेळ जावा म्हणून. त्यातही हाच पोरगा कंदील घेऊन घराकडे निघालेला.

आता रोज दुपारी आम्ही दोघी आपापले पोरगे घेऊन बसतो. त्यांचा करड्या रंगाचा, त्यामुळे विषारी अळंबी आणि चांगली अळंबी रंगावरून ओळखता येत नाही, टोपीचा आकार बघावा लागतो. पडदाही एवढासा, पुढचा खड्डा पायाखाली आल्यावरच दिसतो. पण त्यांच्या कंदिलातलं तेल संपत नाही. आमच्याकडे संपतं. त्या म्हणतात, तेलाची पट्टी दाखवायला जागाच नसेल, म्हणून माफ केलं असेल. आजोबा पलंगावरून बघतात. त्यांना जे मोजके शब्द नीट बोलता येतात त्यात आता "खड्डा" आला आहे. अगदी वेळेवर बोलतात.

तिसऱ्या टप्प्यात नदी लागते, तिथे मी बरेच दिवस बुडत होते. युक्ती लक्षात ठेव: घाई करायची नाही. लहान ओंडके जाऊ द्यायचे, मोठा काळपट ओंडका आला की बटण दाबून धरायचं. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलंस तर पाण्यात पडशील. करून बघ आणि रविवारी सांग.

मामीला उलट बोलू नकोस. दूध पी.

तुझी,
आई


महानगर, लखनौ
४ फेब्रुवारी १९९६

चि. अमोघ,

आशीर्वाद. तिळगुळाचं पार्सल पोचलं हे मामीकडून कळलं. वड्या फुटल्या असतील, पोस्टाच्या कृपेने चुराही गोडच लागतो.

हल्ली रविवारी माझं बोलणं आटपत नाही, गुप्ताजी माझ्या नावाने बोटं मोडत असतील. नदीची युक्ती तुला उपयोगी पडली म्हणालास तेव्हा मी पीसीओच्या खोक्यातून बाहेर येऊन गुप्ताजींना उगाचच "माफ कीजिए भाईसाहब" म्हटलं आणि वर हसले. घुबडाच्या टप्प्यात कंदील झाकून चालायचं, तेही तू "हो आई, तसंच केलं, गेलो पुढे" म्हणालास. आपली आई या वयात कुणाला काही शिकवू शकते हे तुझ्या बाबांना सांग एकदा. ते म्हणतात, शुभदा, घरात दुसरी कामं नाहीत का? आहेत. आजोबांना कूस बदलून देणं, औषधं, पंप चालू करणं, सब्जीवाल्याशी भांडणं. ती करूनच खेळते.

तुझ्या मशीनमध्ये जिथवर आलो तिथून पुढे खेळता येतं म्हणे. मजा आहे. आमच्याकडे बत्ती गुल झाली की पोरगा परत पहिल्या जंगलात, आणि कपूरथळा चौकापासून अख्खं महानगर आठवड्यातून कितीदा अंधारात बसतं ते तुला ठाऊक आहे. परवा विहिरीच्या टप्प्यापर्यंत पोचले होते. मी एवढी चिडले की आजोबांनी मला "बस, बस" केलं.

एक बोलायचं होतं. हल्ली तू मला आई म्हणतोस. लहानपणापासून सांगून मी थकले, तू मम्मीच म्हणायचास, मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायचास. तुला तिकडे पाठवताना हेही एक कारण मी सगळ्यांना सांगत होते, पोराची मराठी सुधारेल. ती सुधारली. अनघामामीने एका पावसाळ्यात करून दाखवलं. चांगलंच झालं. मी तक्रार करत नाही, नोंदवते आहे.

मे महिन्याचं पुष्पक एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन बाबांना सांगून ठेवलं आहे. मलिहाबादचे दशहरी आंबे निघायला तू इथे असशील. तुझं खोकं तसंच टीव्हीला जोडून ठेवते. मी समोर नदी पार करून दाखवेन आणि तू गप्प बसून बघायचंस.

तुझी,
आई


महानगर, लखनौ
२२ एप्रिल १९९६

चि. अमोघ,

आशीर्वाद. आजोबा तसेच. उकाडा भयंकर. बाबा गोरखपूरला.

हे पत्र लिहायला बसून उठले, परत बसले. दुपारी नुसरत आपा आल्या तर त्यांना म्हटलं, आज नाही खेळत. त्या आजोबांजवळ बसल्या आणि मला म्हणाल्या, "लिखो तुम. हम हैं इनके पास."

मामीचा फोन मंगळवारी नुसरत आपांकडे आला होता. दहावीचे सुट्टीतले क्लास एक मेपासून आहेत, बाबांना ऑफिसात फोन करून विचारलं, ते हो म्हणाले, हे सांगायला. म्हणजे ठरल्यावर सांगायला. अनघाचा स्वभाव चांगला आहे, ती अवघडली आणि विषय बदलायला गेम काढला. म्हणाली, "ताई, आम्ही त्याला रविवारचं खेळू देतो हं. मीच शेजारी बसते. तो नदीवरच्या पुलावरून जातो ना, तेव्हा त्याचा कुत्रा कठड्यावरून चालतो, ते मला फार आवडतं."

मी म्हटलं, कुठला पूल?

"नदीवरचा."

ओंडके?

"ओंडके नाहीत हो त्यात. पूल आहे ना. चालतच जायचं."

मग मी घुबडाचं विचारलं. घुबड आहे म्हणाली, पण ते तर त्याला वाट दाखवतं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

अमोघ, तुझ्या गेममध्ये पूल आहे. पहिल्या दिवसापासून आहे. दिवाळीनंतर मी तुला पत्रातून आणि फोनवर ओंडक्यांवरून उड्या मारायला शिकवत होते, आणि तू "हो आई, तसंच केलं" म्हणत होतास. मला नवीन-जुन्या मशीनमधलं काही कळत नाही. नाव एक, पोरगा एक, हातात कंदील, तेव्हा नदीही एकच असेल असं मी धरून चालले. नुसरत आपांचा गेम वेगळा आहे हे रोज डोळ्यांनी बघत होते, तरी तुझा वेगळा असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तू खोटं बोललास म्हणून मी रागावलेले नाही. खोटं तू इथेही बोलायचास, गणिताच्या मार्कांचं, आणि मी धपाटा घालायचे. तेव्हा तू "मम्मी, आपको कुछ नहीं पता" म्हणून पाय आपटत आत जायचास. आता तसं म्हणाला नाहीस. आई, आमच्याकडे पूल आहे, तुझं सगळं चुकतंय, एवढं म्हणायचं होतंस. खो खो हसायचं होतंस. त्याऐवजी तू मला जपलंस. पाहुण्या आलेल्या म्हाताऱ्या आत्याला जपतात तसं. ते मला फार लागलं.

तेव्हापासून मी रात्रंदिवस एकच उजळणी करते आहे. तुला पाठवताना सगळ्यांनी मला सांगितलं, एकदोन वर्षांचा प्रश्न आहे. इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात सीट हवी तर दहावी तिथून झालेली हवी. बारावीही तिथूनच. ते झालं की कॉलेज तिथलंच, त्यासाठीच तर हा खटाटोप. प्रत्येक गोष्ट बरोबर आहे. मी प्रत्येकीला मान डोलावली. पण त्या सगळ्या एकापुढे एक ठेवून मी कधी बघितल्याच नाहीत. बघितल्या असत्या तर कळलं असतं की तू या घरात राहायला आता कधीच येणार नाहीस. सुट्टीला येशील. बाबांना हे तेव्हाच माहीत असणार. ते इंजिनिअर आहेत, पुढचं बघतात. मी त्यांना विचारलं, तर पेपर खाली न घेता म्हणाले, अगं, त्यात काय नवीन आहे?

भांडू कुणाशी? बाबा तुझ्या भल्याचं बघतात. श्रीरंग माझा पाठचा भाऊ, स्वतःचं मूल नाही म्हणून तुला तळहातावर ठेवतो. मामी शेजारी बसून तुझा गेम बघते, जे मी तू इथे असताना एकदाही केलं नाही. मी गाडीत बसून तुझ्याकडे यावं, तर आजोबांना कूस कोण बदलून देणार? ज्याच्यावर ओरडता येईल असा एक माणूस मला सापडत नाही.

गेम मी परवा संपवला. बत्ती गेली नाही. विहिरीतून वर आले, वाटलं आता घर दिसेल. पडदा काळा झाला आणि पोरगा पुन्हा पहिल्या जंगलात उभा, तोच कंदील, फक्त सगळं जास्त जोरात पळणारं. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून नुसरत आपांना बोलावलं. त्यांच्या गेममध्ये शेवटी दार उघडतं, घर नुसतं चार रेघांचं, पण आहे. त्या म्हणाल्या, "सस्ती वाली कैसेट में घर की जगह नहीं बची होगी, बेटी." तुझ्यात घर कसं आहे ते मामीने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, मी मे महिन्यात नाही आलो तर चालेल का?" मी लगेच म्हटलं, "चालेल की, न चालायला काय झालं." वर क्लासचे सर कसे आहेत तेही विचारलं. तुझा सुस्कारा मला इथे ऐकू आला. म्हणजे तू जसं मला जपलंस, तसं मीही तुला जपलं आणि दोघांनी फोन ठेवला.

ही सवय आपल्याला लागू नये म्हणून हे पत्र. तू विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहिते, ते वाच आणि मामीला दाखवू नकोस.

नाही चालणार. मे महिन्यात नाही, आणि त्याच्या पुढेही नाही. मला एक दिवससुद्धा चालत नाही.

तरी येऊ नकोस. क्लास बुडेल.

तुझीच,
आई