केंदाळ कुणी आणलं?

भिवाजी,

कंबर गेली रे माझी, पार कामातनं गेली! आठ दिस झाले, गुडघाभर चिखलात उभी ऱ्हाऊन तळ्यातलं केंदाळ उपसतेय, आन ते मेलं दुसऱ्या दिशी पुन्हा तेवढंच. (तुला अक्काचा आशीर्वाद हाय. तुमची खुशाली कळव, आमची विचारूच नको.)

तू पुण्यात बंगल्याची बाग राखतोस, नळाखाली बादली धरतोस, तुला काय ठावं? हितं आमच्या माले गावच्या तळ्यात पाणीच दिसंना झालंय. दिवाळीत कडेला चार पानं हुती, आता ह्या काठापासनं त्या काठापतोर हिरवी सतरंजी. मागल्या पंधरवड्यात आमची म्हस रान समजून वर चालत गेली आन शिंगापतोर बुडाली. वडायला सात गडी आले, त्यातले चार नुसते ‘हो हो’ करणारे. (तुझे दाजी त्या चारांत.) उन्हाळा तोंडावर हाय. हे तळं गेलं तर गावची जनावरं काय पौडाला न्यायची पाण्याला?

म्हणून श्रमदान निघालं. पहिल्या दिशी हलगी, नारळ, दोन भाषणं. तालुक्याच्या गटविकास सायबानं हातात एक पान धरून फोटू काढून घेतला आन जीपमधी बसला. आमी बायांनी दुपारपतोर एवढा ढीग काढला, पर गड्यांनी तो ठेवला कुटं, तर पाण्याच्या कडंला! चा प्यायला गेले तवर निम्मा ढीग परत तळ्यात. मग परवा सरपंच कुशाबा म्हणाला, कडंचं काढून उपेग न्हाई, मधी जायला पायजे. गावात होडी कुटली? काढली देवळातली गावजेवणाची काहील, आन सोता बसला तिच्यात दाताळं घेऊन. काहील पुढं जाईचना, जात्यागत गरगर फिरायला लागली. कुशाबाचं तोंड एकदा आमच्याकडं, एकदा डोंगराकडं, आन हरेक फेऱ्याला भैरोबाचा धावा. काठावरनं सारजाबाई वरडली, “सरपंच, आमटी उकळली की हाक मारा!” हसून हसून बाया चिखलात बसल्या. दोर टाकून वडला त्याला. भाईर आला आन धोतर पिळत म्हणतो, “पाहणी झाली.”

त्या सांजला देवळात बैठक बसली. ज्यो त्यो दुसऱ्याला बोल लावतोय. कोण म्हणे धनगरांच्या मेंढरांच्या लोकरीतनं आलं, कोण म्हणे बगळ्यानं आणलं. मला काय ऱ्हावलं न्हाई. उठले आन म्हणाले, ही रोपं काय आभाळातनं पडली न्हाईत, कुणीतरी आणून टाकलीत. येत्या आयतवारी हरेक घरानं भैरोबापुढं बेलभंडारा उचलून सांगायचं, आमी टाकलं न्हाई. ज्याला उचलवणार न्हाई त्याच्या गळ्यात ह्याच केंदाळाची माळ घालायची आन तळ्याभवती पाच फेऱ्या काढायच्या, हलगी लावून. सगळं गाव म्हणालं, गोजराबाई बोलली ते खरं. कुशाबानं लगीच कागदावर घेतलं. लई बरं वाटलं बघ मला.

एवढंच. दाजी बरे हायेत. म्हस दूध कमी देतीया, भ्यालीया.

तुझी अक्का,
गोजराबाई

ता. क. काल त्या केंदाळाला फूल आलं. जांभळं, मधी मोराच्या पिसावानी पिवळा डोळा.

दुसरा ता. क. ध्यानात आलं का? तुझ्या सायबाच्या हौदातलं ह्याच फुलाचं रोप तूच बादलीत घालून यष्टीत दिलं हुतंस, “अक्का, गौरीपुढं ठेव, बाया बघत ऱ्हातील” म्हणून. बघत ऱ्हाईल्या. सारजाबाईनं तर दोनदा इचारलं, कुटनं आणलं. आन गौर बोळवताना फुलं-पत्रीसंगं तेबी मीच सोडलं तळ्यात, देवाचं म्हणून. नुसत्या पानांवरनं मला वळखलं न्हाई रे, आईशप्पत!

आता खोटा बेलभंडारा काय मी उचलायची न्हाई, आन सारजाबाईम्होरं माळ घालून फिरायची तर त्याहून न्हाई. तू परगावचा, तुला हितं कोण वळखतंय? देवळात उभा ऱ्हा, रोप माझं हुतं म्हण, पाच फेऱ्या मार, जेवून जा. (पुरणपोळी करते.) शनवारच्या आत जाब पायजे, आन तो पत्रानं नको. सांजच्या यष्टीतनं तूच उतर.