शनिवारच्या प्रश्नाचं उत्तर

मांजलपूर, बडोदे
३ डिसेंबर २०२५

प्रिय वसू,

तुझ्या गुडघ्याची सूज आता उतरली असेल. मला सकाळपासून कॉन्व्हेंटमधली ती दुपार आठवते आहे. नकाशाच्या कपाटाची काच मी फोडली होती. सिस्टरने "कोणी?" विचारल्यावर तू, माझ्याहून चार वर्षांनी लहान, हात पुढे केलास. पाच पट्ट्या खाल्ल्यास. घरी, घडियाळी पोळेत, पोचेपर्यंत तुझ्या लाल तळव्यावर फुंकर घालत आले, पण खरं काही बोलले नाही.

माझ्या घरच्या लॉ प्रवेशाच्या क्लासमधली वैष्णवी तुला माहीत आहे, तुझ्या चकल्यांचा डबा संपवणारी. तिने वडिलांना न विचारता परगावच्या कॉलेजांसाठी फॉर्म भरला. सोमवारी वर्ग सुटल्यावर ते, संपतराव, आत आले. "मला कोर्टात उभं करायला शिकतेस?" एवढंच म्हणाले आणि केस धरून तिचं डोकं फळ्याच्या कडेवर आपटलं. दात पडला, खडू लाल झाले. ती बेशुद्ध पडली तरी थांबेनात. मी स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता आणून त्यांच्या खांद्यावर घातला. ते कोसळले. काल गेले.

वैष्णवीने इस्पितळातून जबाब दिला, बत्ता तिने मारला म्हणून. मी पलंगाशेजारी उभी होते. गप्प राहिले. पोलीस गेल्यावर माझा हात दाबून म्हणाली, "मॅडम, जीव वाचवायला मारलं तर गुन्हा नाही, तुम्हीच शिकवलंत. टाके माझ्या डोक्याला आहेत, तुमच्या नाही."

बरोबर शिकली आहे. पण पुढचं मी तिला सांगितलेलं नाही.

ते खाली बसले होते, वसू, मोडलेला खांदा धरून. "बाई, बस करा," म्हणाले. मी दुसरा घाव डोक्यात घातला. आवाज ओला होता. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे फक्त तुला सांगते.

ती जखम डॉक्टरांच्या कागदावर येईल, आणि तिच्या नावावर जाईल. म्हणून ठाण्यात निघाले आहे.

रविवारी तिची परीक्षा आहे. प्रवेशपत्र टेबलाच्या खणात आहे, ते आणि माझं पेन तिला दे. सेंटरवर तूच घेऊन जा. संपतरावांचं घड्याळ कपाटाखाली सापडलं, पुसून ठेवलं आहे. ते तिच्या आईला, येसूबाईंना. आणि शनिवारी मुलांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं: हल्लेखोर खाली पडल्यावर घातलेला घाव बचाव ठरतो का? वर्गातल्या अनुजला फोन करून सांग, तो सगळ्यांना कळवेल. नाही ठरत.

या वेळी हात पुढे करणारी,
तुझी मंदाताई