बारा द्राक्षं

शनि. २७ डिसेंबर
पुन्हा द्राक्षं गायब! एकतीसच्या रात्री माणशी बारा खायची, दर द्राक्षाला एक इच्छा, म्हणून आणली होती. आमची यादिरा सर्जन व्हायला निघालीय. बुटांच्या खोक्याला दोन भोकं पाडली, वर फोन ठेवला, आणि लांब चिमटे आत घालून फोनमध्ये बघत द्राक्षं सोलत बसलीय. म्हणते, आई, आतलं न फोडता साल काढायची. पित्ताशय असंच सोडवतात.
माझं पित्ताशय नऊ तारखेला काढणार. तिच्याच हॉस्पिटलात.
मी घाबरलेली नाही. उद्यापासून नुसती फुटलेली द्राक्षं मोजणार.

रवि. २८
वीसपैकी चार फुटली. घाबरलेली नाही. आजपासून तळलेलं बंद.
दुपारी शेजारच्या चेलोकडे डुकराची तळलेली कातडी खाल्ली. एकच वाटी. तिला वाईट वाटू नये म्हणून. मग पोटात कळ. थंडीची असणार.

मंगळ. ३०
चेलो म्हणाली, एवढा भरवसा नाही तर बाई तूच काप की तुझं पोट! टवळी. पण खोटं काय? मी रोज विकायला दोनशे तमाल करते, सारण भरलेलं मक्याचं पीठ मक्याच्या पानात बांधते. हे बोट कधी चुकलं नाही.

बुध. ३१, दुपारी
यादिरा ड्युटीवर. खोकं घेतलं. हात डावीकडे नेला की आतला चिमटा उजवीकडे जातो! सैतानी वस्तू.
बाराच्या बारा फुटली. माझ्याच वाटणीची.
यादिरा आली, हसली. म्हणाली, पहिल्या महिन्यात माझं एकही वाचलं नव्हतं. आता विसात दोनच जातात.
त्या दोघांचं काय, विचारलं. तिने खोक्यात नवं द्राक्ष ठेवलं.

शुक्र. २ जानेवारी
ऑपरेशन मीच रद्द केलं. तसं सांगायला हॉस्पिटलात फोन केला, कुणी उचलला नाही. देवाचीही तीच इच्छा.

रवि. ४
तमाल वाफेवर ठेवता ठेवता कळ आली. जमिनीवर लोळले. ओरडले, मरते गं! यादिरा पाठीवर हात ठेवून तासभर बसली. मी थरथरत होते. तिचा हात नाही.

सोम. ५
मोठे डॉक्टर म्हणतात, कापणार ते, ही फक्त पोटात घातलेला कॅमेरा धरणार. म्हणे भ्यायचं कारण नाही. भितंय कोण?
खोक्यावर कागद चिकटवलाय, तोच इथे उतरवते: यादिरा, मला झोपवतील तेव्हा माझा हात कोण धरणार? तू कॅमेरा धरलास तर हात कोण धरणार? बुधवारपर्यंत सांग. नाहीतर मी येत नाही.