इंजिनातलं प्लास्टिक

३ सप्टेंबर
बायकोने आज स्पष्टच सांगितलं. सव्वीस तारखेला गाडी रेसट्रॅकवर न्यायची, नाहीतर विकायची. वर्ष झालं, म्हणाली, तीनशे हॉर्सपॉवरची गाडी भाजी आणते आणि पांघरूण घेऊन झोपते. घेताना काय काय बोलला होतात ते आठवतंय का?
आठवतंय.
ती शेजारी बसणार आहे. दोन फेऱ्या. हेल्मेटसुद्धा आणलंय.
मी म्हणालो, अवश्य. नंतर हात थंड पडले. हवेत गारवा आहे.

४ सप्टेंबर
बॉनेट उघडून पाहिलं. धक्का बसला. टर्बोतून हवा जाते तो पाईप प्लास्टिकचा. पुढे ती हवा इंजिनात वाटणारा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा. उकळतं पाणी फिरतं तो जोडही प्लास्टिकचा.
प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटी बघण्यात माझे केस पांढरे झाले. डब्यांची झाकणं पास-नापास करतो. प्लास्टिकचं मीठ खाल्लंय, म्हणून अधिकाराने लिहितो: विश्वास ठेवू नये. ताशी दोनशेच्या वेगात झाकण उडालं तर?
याला भीती म्हणत नाहीत. जबाबदारी म्हणतात.

६ सप्टेंबर
मेहुण्याचा फोन. त्याच्याकडे हीच गाडी आहे. दर महिन्याला ट्रॅकवर पिटाळतो. भावजी, म्हणाला, प्लास्टिक मुद्दाम घातलंय हो. हलकं असतं, लवकर तापत नाही, हवा गार राहते. माझं एवढ्या वर्षांत काही तुटलं नाही.
तुटेपर्यंत कुणाचंच तुटत नाही, असं मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं.
तो म्हणाला, भावजी, तुम्हाला टरकली का?
पोरकट माणूस. बहिणीवर मुळीच गेला नाही.

९ सप्टेंबर
मेकॅनिकला भेटलो. प्लास्टिकचं जे जे आहे ते ते ॲल्युमिनियमचं हवं, म्हणालो. त्याने माझा हात हातात घेतला. साहेब, तुमच्यासारखी कदर करणारी माणसं आता राहिली नाहीत. पार्ट बाहेरून मागवावे लागतील, म्हणाला. महिना तरी जाईल.
फार वाईट वाटलं. शीळ घालत घरी आलो.
बायकोला सांगितलं की माझी तयारी होती, पण पार्टच नाहीत.

१२ सप्टेंबर
पार्ट आले. तीन दिवसांत. एवढी तत्परता बरी नव्हे.


१४ सप्टेंबर
पाईप आणि मॅनिफोल्ड बसवले. पाण्याचा जोड मी स्वतः बसवणार आहे. मालकाला आपल्या गाडीची माहिती हवी. जुने प्लास्टिकचे पार्ट पिशवीत घालून आणले. उद्या कारखान्यात टेस्ट करून बायकोला लेखी रिपोर्ट देणार. माझी शंका किती रास्त होती ते तिला कळू दे.

१५ सप्टेंबर
जुना पाईप लॅबमध्ये दिला. भट्टीत भाजला, वजन टाकलं. लॅबमधल्या बाई म्हणाल्या, साहेब, पास आहे.
पुन्हा टाका, म्हणालो.
पुन्हा पास.
मशीन बिघडलंय. पाईप तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकला. उसळला आणि शिपायाच्या पायाशी जाऊन बसला. त्याने तो वर आणून दिला. पुन्हा फेकला. त्याने पुन्हा आणून दिला. तिसऱ्यांदा तो खालूनच ओरडला, साहेब, नको असेल तर मी घेऊ का?
शेवटी मालाच्या ट्रकच्या चाकाखाली ठेवला. तुटला.
रिपोर्ट: पाईप नापास.
बाईंनी सही केली नाही. त्यांचा अनुभव कमी पडतो.

१७ सप्टेंबर
पाण्याचा जोड बसवला. ॲल्युमिनियम हातात घेतलं की जीव कसा शांत होतो. प्लास्टिकला आवळताना घाबरत घाबरत आवळावं लागतं. इथे तो प्रश्न नाही. पान्याला लोखंडी नळी जोडली आणि सगळा जोर लावला. मग थोडा आणखी.

१८ सप्टेंबर
गाडीखाली पाण्याचं तळं. मेकॅनिक वाकून बघत होता. साहेब, जोडाला काही झालं नाही, म्हणाला. पण तो ज्याला आवळलाय ते रेडिएटरचं तोंड प्लास्टिकचं आहे. ते फुटलंय. एवढं कुणी आवळलं?
मी बायकोकडे वळलो. म्हणालो नव्हतो? प्लास्टिक! दगा दिलाच की नाही?
ती म्हणाली, अहो, तुम्ही फोडलंत ते.
मुद्दा तिच्या लक्षात येत नाही.

२१ सप्टेंबर
रेडिएटरही आता धातूचा. मेकॅनिक म्हणाला, साहेब, आता ऑइलचं झाकण तेवढं राहिलं. म्हटलं, तेही बदला. त्याने खिशातून काढून दाखवलं. आधीच आणून ठेवलं होतं.
आता काहीच उरलं नाही. मी तिथेच स्टुलावर बसलो. मेकॅनिकने पाणी दिलं. आनंदाने होतं असं कधी कधी, म्हणाला.

२३ सप्टेंबर
एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं होतं. धातू तापतो. तापलेल्या मॅनिफोल्डमधून हवाही तापूनच जाणार. मेहुणा म्हणत होता त्यात तथ्य आहे. उगाच त्याला पोरकट म्हणालो. जेवताना हा विषय काढला. सव्वीसची घाई नको, म्हणालो, पुन्हा प्लास्टिकचा विचार व्हायला हवा.
बायकोने पोळी खाली ठेवली. म्हणाली, जाहिरात लिहून ठेवलीय. गाडी विकणे आहे. सत्तावीसला छापायला देते.
जेवण तिथेच थांबलं.

२५ सप्टेंबर
निश्चय पक्का. उद्या चालवणार. पहिली फेरी सावकाश, दुसरी माझ्या पद्धतीने.
झोप येत नाही. गादी बदलायला झाली आहे.

२६ सप्टेंबर
नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी तिखटमीठ लावायला नको.
ट्रॅकवर रांग होती. पुढे मेहुणा. मागे चार गाड्या. शेजारी बायको, हेल्मेट घालून. झेंडेवाल्याने खूण केली. मेहुणा सुटला. त्याचा आवाज वळणापलीकडे गेला. आता मी.
तेवढ्यात ऐकू आलं. टक टक टक टक. इंजिनातून. स्पष्ट.
काच खाली करून झेंडेवाल्याला म्हणालो, थांबा, आवाज येतोय. ट्रॅकवरचा मेकॅनिक धावत आला. बॉनेट उघडलं. वा, म्हणाला, सगळं धातूचं! झकास काम आहे. मग कान देऊन ऐकू लागला. इंजिन बंद करा, म्हणाला.
बंद केलं.
टक टक टक टक.
मागच्या गाडीतला माणूस उतरून आला. मेकॅनिक खिडकीपाशी वाकला. झेंडेवाला पण वाकला. तिघेही आत बघत होते.
बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज थांबला.
गुडघा स्टिअरिंगखालच्या कव्हरवर आपटत होता. ते कव्हर प्लास्टिकचं आहे, हे मी तिथल्या तिथे निदर्शनास आणलं. मागचा माणूस गाडीकडे परत गेला, पण हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
बायको हळूच म्हणाली, अहो, सरका जरा.
दोन्ही फेऱ्या तिने मारल्या. इंजिन नीट ऐकू यावं म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. इंजिन ठीक आहे. दुसऱ्या फेरीत मधेच एक किंकाळी ऐकू आली. ती माझी होती, असं ती म्हणते.
मेहुण्याने पाण्याची बाटली दिली आणि पाठीवरून हात फिरवला. असा तो कधी वागत नाही.

२८ सप्टेंबर
गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी वाकवला, सरळ केला, बारक्या हातोडीने ठोकला. उत्तम आहे, म्हणाले. कधीपासून थरथरतो?
परवापासून, मी म्हणालो.
वर्षापासून, बायको म्हणाली.
डॉक्टरांनी विचारलं, कशाला घाबरला होतात का?
नाही, म्हणालो. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. तिने मला खोटं पाडलं नाही.
जाहिरात तिने फाडली. गाडी ठेवायची आहे. पुढच्या महिन्याची ट्रॅकची नोंदणी तिने स्वतःच्या नावावर केली. तुम्ही कुंपणापाशी उभे राहा, म्हणाली, मला हात करायला कुणीतरी हवं.
येताना तीच चालवत होती. अगदी हळू. का, ते मी विचारलं नाही. एक सायकलवाला घंटी वाजवून आमच्या पुढे गेला.
घर येईपर्यंत दाराचं हँडल मी सोडलं नाही.