कपाटातला बिल्ला

८ जून, रविवार
मनू पुण्याच्या हॉस्पिटलातून सुट्टीला भोरला आली. दुपारी तिच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवताना रुमालांखाली बिल्ला सापडला. अँजिओग्राफीच्या खोलीत अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा. दर तीन महिन्यांनी तपासायला जातो.
"विसरलीस होय गं?"
"नाही आई, मुद्दाम. आकडा वाढला की बाहेर बसवतात. मग माझा हात कधी बसणार? सगळेच काढून ठेवतात. कुणी लॉकरमध्ये, कुणी स्कूटरच्या डिकीत."
शाळेत मॉनिटरचा बिल्ला लावूनच झोपायची ही. मी रुमाल पुन्हा घडी करून ठेवले. बोलायला हवं होतं.

३ जुलै, गुरुवार
कामाच्या सखूबाईच्या नवऱ्याची अँजिओ मनूनेच केली. त्याला वेल्ह्याला घरी पोचवून सखू परतली ती खुशीतच. "लई हलका हात ताईंचा. पर मोठं डाक्टर वरडत हुतं त्यांच्यावर, ह्यांनी पडल्या पडल्या ऐकलं. लख्ख दिसाया पायजे म्हनं."
संध्याकाळी म.ला फोन. किरणं अर्धी केली तरी रक्तवाहिनी नीट दिसते म्हणाली. चित्र थोडं दाणेदार, एवढंच. सरांना चालत नाही.

१० ऑगस्ट
बिल्ल्यांचे आकडे आले. म.ने मीटिंगमध्ये पुन्हा विषय काढला. सर म्हणाले, "सगळ्यांचे आकडे इतके कमी, मग चित्र कशाला बिघडवायचं? तुझा तर सगळ्यात कमी."
असणारच. भोरच्या कपाटात कुठली किरणं? आणि जूनअखेर ती आली तेव्हा तो तपासणीसाठी आठवणीने तिच्या पर्समध्ये घातला कोणी? मीच.

१७ ऑगस्ट, रविवार
म. तांदूळ निवडायला बसली. डावा डोळा सारखा चोळत होती. समोरचा खडा दिसेना.
"धुकं आल्यासारखं होतं. दोन महिने झाले."
किरणांचं यंत्र तिच्या डाव्या हाताला असतं. छत्तिसावं चालू आहे फक्त; या वयात मोतीबिंदू?
"सरांना खरं सांग."
"सगळ्यांचंच उघडं पडेल, आई. आणि पहिली मी बाहेर."
"नाही सांगितलंस तर?"
एस.टी.त चढताना म्हणाली, "उद्या आठला पहिली केस आहे. त्याआधी सरांशी बोलून बघते. फोन करीन."

१८ ऑगस्ट
साडेनऊ. फोन नाही. दोनदा लावला, बंद. त्या खोलीत गेली की बंदच ठेवते.
दहा वाजून पाच. अजून बंद.