वहिनीनं उचललेला भंडारा

बारामती,
ता. ९ मे १९९७

तीर्थरूप दादास,
धाकट्या बिरूचा साष्टांग नमस्कार.

इकडं मी ठीक. आईचे गुडघे कसे आहेत? तुझ्या प्रतिक्षाच्या शाळेला सुट्टी लागली, आता पोरगी दिवसभर पाण्याच्या काठाला असेल, तिच्यावर लक्ष ठेव. उजनीचं पाणी उतरून पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं असेल. आबा असते तर चिखल तुडवत पहिले तेच गेले असते.

आधी एक छोटं खोटं निस्तरतो. मी गाईंच्या प्रकल्पावर आहे असं घरी सांगितलंय. तसं नाही. मी डुकरांवर काम करतो. आईला कळलं तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही, म्हणून लपवलं. डुकराचं रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून काचेच्या ताटलीत ठेवायच्या, त्यांच्यावर जंतूंचं विष घालायचं. वरचं पाणी गोठवून बर्फात पुण्याला जातं, तिकडनं मोजून कागद येतो. हस, हस. मेंढक्याचं पोरगं डुकरं राखतंय.

आमच्या डॉक्टरबाईंनी मला समजावलं ते तुला सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या पेशी म्हणजे आपल्या कळपाची कुत्री. जंतू आला की त्या एक प्रथिन सोडतात, तो त्यांचा आरडाओरडा. त्यानंच अंग तापतं, सूज येते, बाकीच्या पेशी मदतीला धावतात. ओरडा फार झाला तर जनावर त्यानंच मरतं, म्हणून काम झालं की त्या आपल्या आपण आवरतं घेतात. कधी ओरडायचं न् कधी गप बसायचं, त्यांचं त्यांना कळतं.

मागच्या महिन्यात आम्ही ताटलीत आधी सूज उतरवायचं औषध घातलं आणि मग विष. पुण्याहून कागद आला. एरवी जिथं त्या प्रथिनाचे मोठे आकडे यायचे तिथं जवळजवळ काहीच नाही. पेशी जिवंत होत्या दादा, पण मुक्या.

तेच औषध मी आबांना टोचलं होतं.

फाल्गुनातला तो रविवार. तू वालचंदनगरला ड्युटीवर, आई मामाकडं गेलेली. आबांच्या पायात बाभळीचा काटा मोडलेला, पाय गुडघ्यापर्यंत टरारून सुजलेला, अंगात फणफणून ताप. वहिनीनं हळद-चुन्याचा लेप लावला होता, पण तिचा एकच धोशा, "भावजी, मामंजींना इंदापूरला न्हेऊया. लेपानं हे भागायचं न्हाय."

आबा म्हणाले, "घरात डाक्टर असताना दवाखाना कशापायी? बैलाला बरं करतोस, मला न्हाय व्हय करणार?"

मी कसला डॉक्टर, जनावरांच्या डॉक्टरांची पिशवी धरणारा! पण आबांच्या तोंडून ते ऐकून मी फुगलो. पिशवीत जनावरांचं तेवढं एकच इंजेक्शन होतं. वहिनीनं सुई उकळून दिली. सोमवारी सकाळी ताप नाही, सूज निम्मी. आबा दोन भाकरी खाऊन रानात गेले. वहिनी तरीही म्हणाली, "काटा आजून आतच हाय. दवाखान्यात दाखवून घिऊ." मी तिच्यावर खेकसलो, "तुमी गप बसा. डाक्टर तुमी का मी?"

आणि कामावर निघताना तिला बिरोबाच्या फोटोपुढं शपथेचा भंडारा उचलायला लावला. मी माणसाला सुई दिली हे मरेस्तोवर कुणाला सांगायचं नाही, माझी नोकरी जाईल म्हणून.

चौथ्या दिवशी आबा रानातच पडले. इंदापूरला नेईपर्यंत विष रक्तात भिनलं होतं. आई छाती पिटत म्हणाली, "हिच्या लेपानं माझा धनी न्हेला." तेरावा झाल्यावर तू वहिनीला पणदऱ्याला माहेरी पोचवून आलास, लेकरू घरीच ठेवून घेतलंस. ती एका शब्दानं बोलली नाही. मी तिथंच उभा होतो. मीही बोललो नाही. थू माझ्या जिंदगानीवर.

परवा पणदऱ्याला जाऊन आलो. वहिनी म्हशींना वैरण टाकत होती. वाळून काडी झालीय. मी म्हणालो, "वहिनी, सांगून टाका समद्यांना. माझ्याकडनं तुमी मोकळ्या."

ती म्हणाली, "भंडारा असा मोडत नसतो, भावजी. ज्यानं उचलाय लावला त्यानंच उतरवावा." मग पदराला हात पुसत एवढंच विचारलं, "प्रतिक्षा जेवती का न्हाय?"

परत आलो आणि हे पत्र लिहायला घेतलं.

दवाखान्यात वेळेवर नेलं असतं तर आबा वाचले असते का, हे डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. पण दवाखान्याची वाट मी अडवली. वहिनी ती दाखवत होती.

हे पत्र आईला वाचून दाखव, डुकरांचं सुद्धा. मग पणदऱ्याला जा, जाताना प्रतिक्षाला संगं ने. पुढच्या रविवारी मी येतोय. आईनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही तर अंगणात बसेन. फक्त चुलीपुढं वहिनी दिसू दे.

तिला सांग, भंडारा मी उतरवला.

घरचा डॉक्टर म्हणवून घेतलेला,
तुझा भाऊ
बिरू